आमच्या कॅराव्हॅनचं नवं रूप

गाडीमागे जोडायची आमची छोटी कॅराव्हॅन गेला महिनाभर सातपूरला मित्राच्या शेडमध्ये उभी होती आणि दर रविवारी मी आणि बाबा तिच्यात घुसून काही ना काही ठोकत होतो.

पहिलं काम लाईटचं. १२ व्होल्टची ५ मीटर एलईडी पट्टी आणली, ती दर ३ एलईडीनंतर खूण असते तिथेच कापायची, मधे कापली की तो तुकडा पेटत नाही. आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकाच, लाकूड, फोम, कापड सगळं इतक्या जवळ असतं की शॉर्ट झालं तर विचार करायलाही वेळ मिळणार नाही.

कपाटाला १२ ऐवजी ६ एमएम प्लाय वापरला, वजन जवळपास निम्मं, आणि ओढायला तर आपलीच गाडी आहे ना. कसारा घाटात मागच्या वेळी एका वळणावर दार उघडून पोह्यांचा डबा सांडला होता, सगळीकडे पोहे, म्हणून आता चुंबकावर न थांबता प्रत्येक दाराला कडी लावली.

पडदे आईच्या जुन्या नऊवारीचे. जांभळा रंग, हिरवा काठ बरोबर खिडकीच्या खाली येतो, सकाळी ऊन आलं की आतली गादीसुद्धा जांभळी दिसते. मला सगळ्यात जास्त हेच आवडलंय.

गादीखाली मात्र फळ्यांमध्ये फटी ठेवल्यात, इगतपुरीच्या पावसात खालून ओल धरते. पुढच्या शनिवारी गंगापूर धरणाकडे पहिला मुक्काम!