कुंकू की डाग? एका फोटोसाठी चार फेऱ्या

"स्कॅन आहे ना मॅडम, मग ओरिजिनल कशाला?"

फोर्टमधल्या एका संग्रहाच्या काउंटरवर हे वाक्य मी चार वेळा ऐकलं. चारही वेळा अर्धी रजा टाकून.

फोटो १८७० च्या आसपासचा, ४ × २.५ इंची कार्डावर चिकटवलेला. नऊवारी लुगड्यातली बाई खुर्चीवर बसलेली, डोक्यावरून पदर. नोंदीत नाव नाही, नुसतं 'हिंदू विधवा'. तेव्हाची रीतच ती. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६३ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचा फोटोग्रंथ काढला, त्यातही माणूस म्हणजे जातीचा नमुना. स्टुडिओत काढलेल्या फोटोंतली माणसं कापून शहराच्या देखाव्यांच्या फोटोंवर चिकटवलेली.

लुगडं पांढरं, चेहरा गंभीर, म्हणजे विधवा, असा कुणीतरी हिशोब केला असावा. पण त्या वेळी फिल्मऐवजी जी ओल्या कोलोडियनची (म्हणजे चिकट रसायन फासलेली) काच वापरत, तिला निळा रंग जवळजवळ पांढरा दिसायचा आणि लाल काळा. म्हणजे लुगडं निळंही असू शकतं. आणि काही सेकंद न हलता बसायचं तर हसणार कोण? खुर्चीमागे डोकं धरून ठेवणाऱ्या स्टँडचा लोखंडी पाय चक्क दिसतोय.

स्कॅनमध्ये भुवयांच्या मधोमध एक काळसर ठिपका होता. कुंकू की कागदावरचा डाग? मोठं करून पाहिलं की नुसते चौकोन.

पहिल्या फेरीत संस्थेचं पत्र मागितलं. मी बँकेत काम करते, पत्र कुणाचं आणू? कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून आणलं, तर दुसऱ्या फेरीत 'प्रति'खालचं पद चुकलेलं निघालं. (आधारच्या दोन झेरॉक्स न्या. एक तिथेच हरवतात.) तिसऱ्या फेरीत फॉर्म मिळाला. 'हेतू'च्या रकान्यात मी सरळ लिहिलं, 'कपाळावरील ठिपका पाहणे'. समोरच्या गृहस्थांनी चष्मा काढला.

"असं नाही चालत. संशोधन लिहा."

"संशोधनच आहे हो."

"मग जरा मोठं लिहा."

मी लिहिलं, 'एकोणिसाव्या शतकातील स्त्रियांची छायाचित्रे : एक अभ्यास'. दहा मिनिटांत सही! इतका राग आला, स्वतःचाच जास्त, की हे पहिल्याच दिवशी का सुचलं नाही. आणि सही झाल्यावर कळलं, कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर.

चौथ्या फेरीत कार्ड समोर आलं. वीस मिनिटं मिळाली, पेन काढून घेतलं (शिसपेन्सिल न्या). ठिपका गोल, कडा भुवयांइतक्याच रेखीव, रंग बाकीच्या चित्रासारखाच जांभळट तपकिरी. कागदावरचे डाग गंजाच्या रंगाचे आणि पसरट असतात; तसे दोन कोपऱ्यात होते, त्यामुळे तुलना तिथल्या तिथे झाली. शिवाय स्कॅनमध्ये घडी वाटलेली पदराखालची काळी रेघ म्हणजे मनगटावरच्या बांगड्या, एकाला एक लागून. हिरवा रंगही त्या काचेला गडदच दिसायचा.

भिंग मात्र घरून न्या. तिथलं इतकं ओरखडलेलं आहे की मला आधी दोन कुंकवं दिसली.