अण्णांच्या वह्या : चौथी वही संपली

सातपैकी चौथी वही काल रात्री एकदाची हातावेगळी झाली. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दिवाळीपर्यंत पाचवीसुद्धा उरकेल. ते विसरा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. देवगड तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि आयुष्यभर कविता लिहीत राहिले. मासिकांत सात-आठ छापून आल्या, बाकी सगळ्या वह्यांत. त्या वाचून, टाइप करून छापायच्या, असं हे काम. मामा आणि मावशी या दोघांनी लेखी संमती दिली आहे, त्यामुळे हक्कांची बाजू मिटली. आता राहिलं ते फक्त वाचणं, आणि तेच तर अवघड.

या वहीला कसर फारशी लागलेली नाही, पण शाई फुटली आहे. घरी गोळ्या विरघळवून केलेली शाई पातळ झाली की कागदाच्या पाठीमागे उमटते, आणि दोन्ही बाजूंच्या कविता एकमेकींत घुसतात. फोटो काढताना मागे काळा कागद सरकवला की मागचं अक्षर बरंचसं दबतं. फ्लॅश नको, खिडकीजवळ सकाळी नऊ-दहाचा उजेड पुरतो. हे मला दुसऱ्या वहीनंतर सुचलं, म्हणजे पहिल्या दोन वह्यांचे फोटो पुन्हा काढणं आलं.

अण्णा शाळेत मोडी शिकले होते आणि ते त्यांच्या अक्षरात दिसतं. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, ही मोडीची सवय त्यांनी देवनागरीतही सोडली नाही. त्यामुळे शब्द कुठे संपला आणि पुढचा कुठे सुरू झाला, ते रेघ सांगत नाही. ह्रस्व-दीर्घाचंही तेच. मोडीत तो भेद कोणी पाळत नसे, आणि अण्णांची वेलांटी घाईत कुठल्याही बाजूने येते. म्हणून सुरुवातीला मी ठरवून टाकलं होतं की ह्रस्व-दीर्घ सरसकट आजच्या नियमांप्रमाणे करायचे. हा निर्णय साफ चुकला.

चूक कळली ती मामेभावामुळे. त्याने पंधराएक वर्षांपूर्वी चाळीसेक कविता जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. मला वाटलं, आयतं काम मिळालं. युनिकोडमध्ये बदलून घेतलं आणि वाचायला बसलो, तर एका कवितेची पहिलीच ओळ अशी :

दर्याडोंगरांतून येई हवा ही

दर्या आणि डोंगर! कोकणातला कवी, समुद्राकडून हवा येणारच, म्हणून मी खूशही झालो. आई पलीकडे भाजी निवडत होती. ती म्हणाली, "परत म्हण बघू." म्हटलं. म्हणाली, "अडखळतंय." आणि तिने मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणून दाखवलं : दऱ्याडोंगरांतून येई हवा ही. वृत्त भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू), बारा अक्षरं. 'दऱ्या'तला द लघु राहतो, 'दर्या' म्हटलं की तोच गुरू होतो आणि पहिल्या पावलाला ठेच लागते. फॉन्ट बदलताना नुक्त्याचा र (ऱ) गेला होता आणि त्याच्यासोबत सगळी दरी समुद्रात. वही काढून पाहिली, तर तिथे 'र'ची ती आडवी मान स्वच्छ दिसत होती.

मग मी त्या चाळीसही कविता मुळाशी ताडून पाहिल्या. मामेभावाने प्रेमाने शुद्धलेखन सुधारलं होतं. वहीत आहे :

नदीच्या तिरीं कोण गाते उदासी

त्याने 'तीरी' केलं होतं. शब्द तत्सम, म्हणून दीर्घ, कागदावर बिनचूक. पण वृत्ताला तिथे लघु हवा, आणि अण्णांनी तो जाणून दिला होता. मीही हेच करत होतो, फक्त अजून पकडला गेलो नव्हतो.

तेव्हापासूनची पद्धत : अक्षरगणवृत्तातली (जिथे प्रत्येक अक्षराचं लघु-गुरू ठरलेलं असतं) प्रत्येक ओळ टाइप झाली की शेजारच्या रकान्यात तिची लगावली, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, मांडायची. साधी स्प्रेडशीट पुरते. भुजंगप्रयात तर कानालाच कळतो. शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरं आणि बाराव्यावरची यती (थांबा) मात्र मला बोटं मोजल्याशिवाय जमत नाही. चौथ्या वहीत अशा तपासणीत एकतीस ओळी अडकल्या. त्यांतल्या तेवीस ठिकाणी मी चुकीचं वाचलं होतं.

सगळ्यांत गोड होती ही. 'उन्हाच्या झळा सोसुनी पा… आला'. 'पा'च्या पुढे शाईचा डाग. उन्हानंतर काय येणार? पाऊस. महिनाभर मी तिथे चौकटी कंसात पाऊस घालून निवांत होतो. लगावली मांडल्यावर कळलं की तिथे दोनच अक्षरांना जागा आहे, पहिलं गुरू, दुसरं लघु. पाऊस मावतच नाही. भिंगाखाली धरलं, तर डागाच्या वरच्या कडेला एक टिंब. पांथ! उन्हातून वाटसरू आला आहे, आणि पुढच्या कडव्यात त्याला पाणी दिलं आहे. ते पाणी मी आजवर पावसाचं समजत होतो.

अभंग आले की ही किल्ली चालत नाही. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजता येतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं का ते पाहता येतं, पण लघु-गुरू काही बोलत नाहीत. पाचव्या वहीत निम्मे अभंग आहेत. बघू.

आता उरलेल्या आठ ओळी. तिथे वाचन बरोबर आहे, चूक अण्णांची आहे. एका शार्दूलविक्रीडितात सरळ अठराच अक्षरं आहेत. मधे एक 'हा' घातला की ओळ भरते, अर्थही बिघडत नाही, कुणाला कळणारही नाही. दोन दिवस तो 'हा' माझ्या फाइलमध्ये होता. मग एकनाथ आठवले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात जो कोणी आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. अण्णांचं ताट काही अमृताचं नाही, हे त्यांनाही मान्य असतं. पण नरोटी ती नरोटीच. 'हा' काढला. ओळ लंगडीच छापायची, खाली टीप द्यायची.

अनुस्वारांचा प्रश्न वेगळा. अण्णा अर्थातच जुन्या वळणाने लिहितात : कांहीं, नाहीं, घरीं, तें. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत (१९६२ चे चौदा आणि १९७२ चे आणखी चार) याबाबत स्पष्ट सांगितलं आहे की केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम छापावं, केशवसुतांपासून पुढचं नव्या नियमांनी. शिवाय वृत्तासाठी ह्रस्व-दीर्घात कवीला सूट आहे, म्हणजे 'तिरी' शाबूत. अण्णा केशवसुतांच्या पुढचे, त्यामुळे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढायचे असं आमचं ठरलं. मावशीला पटलेलं नाही. तिचं म्हणणं, अनुस्वार काढले की अण्णांचा चेहरा बदलतो. एका कवितेपुरतं तिचं खरं निघालं. कविता लहानपणावर आहे आणि वडिलांवरही आहे. 'तें गेलें' म्हटलं की बालपण गेलं, 'ते गेले' म्हटलं की वडील. वहीत दोन्ही आहेत, एका कडव्याच्या अंतराने, आणि सगळी कविता त्या एका टिंबावर उभी आहे. तिथे अनुस्वार ठेवले. नियम मोडला म्हणून कुणी टोकलं, तर टोकू दे.

या वहीतली आणखी एक गंमत म्हणजे मधूनच 'अेक', 'अुगाच', 'अितका' असं लिहिणं सुरू होतं. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ-ची बाराखडी. किर्लोस्कर मासिक ती वापरायचं आणि अण्णा ते मासिक वाचायचे. बावीस पानं हा उत्साह टिकतो, मग गुपचूप जुना 'ए' परत येतो. छापताना नेहमीचे स्वर घेणार आहे, पण सुट्या कागदांची जुळणी करायला या अुगाचांचा फार उपयोग झाला. त्याच लिपीतले तीन बिनतारखी कागद आता या पानांच्या आसपास ठेवले आहेत. हा पक्का पुरावा नव्हे, धागा आहे.

तारखांत मी एक ठेच खाल्ली, ती सांगून टाकतो. कवितेखाली 'माघ शु. ५, शके १८६३'. अठ्ठ्याहत्तर मिळवले, १९४१ लिहून मोकळा झालो. पण शक चैत्रात सुरू होतो, म्हणजे माघ येईपर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं. ती कविता जानेवारी १९४२ ची. मागे जाऊन पौष, माघ, फाल्गुनातल्या सगळ्या कविता पुन्हा तपासल्या. अकरा कवितांची सालं एकेकाने पुढे सरकली, आणि दुसऱ्या वहीतला क्रम जो मला विचित्र वाटत होता तो आपोआप सरळ झाला.

पानांच्या कडेला, समासात, अण्णांनी लिहिलेल्या मोडी ओळी अजून पूर्ण लागलेल्या नाहीत. मला फार आशा होती की तिथे अण्णांनी कवितेबद्दल काही लिहून ठेवलं असेल. पहिली लागली ती अशी : कौले तीनशे, चुना, सुतळी. दुसरी बहुधा दुधाचा हिशेब.

परवा नदीवाली कविता अंतिम म्हणून आईला वाचून दाखवली. एकाच कवितेचे तीन खर्डे आहेत. शेवटचा मुख्य धरायचा आणि आधीचे पाठभेद टीपेत द्यायचे, हा नियम मी पहिल्या वहीपासून पाळतोय. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "तिसरं कडवं असं नव्हतं." म्हटलं, तिन्ही खर्ड्यांत असंच आहे. ती म्हणाली, "लिहिलं असेल. पण पंपाशी अंघोळ करताना अण्णा असं म्हणायचे," आणि चार ओळी म्हटल्या. एकाही कागदावर नसलेल्या. लगावली मांडली, एक अक्षरही अडकलं नाही.

फोनवर तिच्या आवाजात ध्वनिमुद्रण करून ठेवलं आहे. फाइलचं नाव 'व४_नदी_आई'. टीपेत घालायचं, की चौथा पाठ म्हणून शेजारी छापायचं, यावर मावशीचं आणि माझं भांडण चालू आहे.