स्कॉटलंडच्या समुद्रात, कान लावून

देवमासे आणि डॉल्फिन मोजणाऱ्या शिडाच्या बोटीवर डोलकाठीच्या पुढे दोघं उभे राहतात. एकाने डावीकडचं पाणी बघायचं आणि दुसऱ्याने उजवीकडचं, बोटीच्या पुढच्या टोकापासून आपल्या खांद्याच्या रेषेपर्यंत, बाकी कुठेही नाही. काही दिसलं की मोठ्याने सांगायचं, काय आहे, किती अंशावर, किती लांब, किती जनावरं. तिसरा माणूस खाली केबिनमध्ये बसून ते कॉम्प्युटरवर टाकतो आणि हेडफोनही त्याच्याकडेच असतो. ठराविक वेळाने जागा बदलायच्या म्हणजे डोळे थकत नाहीत. आणि काहीच दिसलं नाही तर तेही नोंदवायचं! हे मला फार आवडलं, कारण कुठे किती वेळ बघूनही काही दिसलं नाही हे माहीत असल्याशिवाय जिथे दिसलं त्या नोंदीला अर्थच नाही.

मी ग्लासगोला नोकरी करते, सॉफ्टवेअरमध्ये. २०१८ च्या उन्हाळ्यात सुट्टी काढून हेब्रिडियन व्हेल अँड डॉल्फिन ट्रस्ट या संस्थेच्या ‘सिल्युरियन’ या शिडाच्या बोटीवर व्हॉलंटियर म्हणून गेले होते. संस्था १९९४ पासूनची, मल बेटावरच्या टोबरमोरी गावातली. बोटीवर स्कीपर, त्याचा सहायक, एक सायंटिस्ट आणि आम्ही मोजके व्हॉलंटियर, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक, भांडी, नांगर, शिडाचे दोर आणि सर्व्हे. व्हॉलंटियर तिथे सहलीला आलेले नसतात, त्यांच्या डोळ्यांवरच सगळा डेटा उभा असतो. ज्या दिवसाबद्दल लिहितेय त्या दिवशी वारा जवळपास नव्हताच, पाणी एकदम सपाट होतं, आणि असा दिवस सर्व्हेसाठी सोन्यासारखा कारण जनावराच्या पाठीवरचा छोट्यातला छोटा परही दिसतो.

सकाळी हेडफोनची पाळी माझी. बोटीच्या मागे शंभर मीटर केबल सोडलेली असते आणि तिच्या टोकाकडे हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले माईक. मला वाटलं होतं शांतता ऐकू येईल, पण साउंड ऑफ मल या सामुद्रधुनीत कानात आधी आली ती एक कर्कश, थांबून थांबून येणारी पीं पीं. सायंटिस्टने सांगितलं की हा प्राणी नाही, सालमन मासे पाळतात त्या फार्मवर सील येऊ नयेत म्हणून पाण्यात सोडलेला आवाज आहे. फार्म तर मला किनाऱ्याजवळ कुठे दिसतही नव्हतं, तरी आवाज येतच राहिला, येतच राहिला, आणि मी विचार करत होते की मला हेडफोन काढून ठेवता येतो, पण जे जनावर कानांनीच वाट शोधतं, कानांनीच मासे पकडतं त्याने कुठे जायचं? (पुढच्या काही वर्षांत बऱ्याच फार्मनी ही यंत्रं बंद केली, आणि त्यासाठी जी माहिती पुढे आली त्यात याच बोटीवरची रेकॉर्डिंग्ज होती.)

आर्डनामर्कनचं दीपगृह मागे टाकल्यावर ती पीं पीं विरत गेली. मग स्क्रीनवर बारीक उभ्या रेघांची एक माळ उमटायला लागली. कानात काहीच नाही! ते हार्बर पॉरपॉइज होते. हे डॉल्फिनचे नातेवाईक, तिथले सगळ्यात छोटे, जेमतेम दीड मीटरचे, आणि त्यांचे क्लिक साधारण १३० किलोहर्ट्झचे असतात, माणसाचा कान वीसच्या वर जात नाही, म्हणून ते फक्त कॉम्प्युटरला कळतात. वर उभ्या असलेल्या दोघांना काहीच दिसत नव्हतं आणि माझ्यासमोर माळ दाट होत चालली होती. जरा वेळाने वरून आवाज आला, “पॉरपॉइज, दोन, एक पिल्लू!” मी टाइप केलं आणि खरं सांगते, डोळे भरून आले.

दुपारी मी डोलकाठीपाशी होते, उजवी बाजू. रम बेट समोर. या बेटावर मँक्स शिअरवॉटर पक्ष्यांची जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक आहे, डोंगरात बिळं करून राहतात, आणि त्या दिवशी ते शेकड्यांनी एका जागी पाण्यावर गोळा झाले होते, वरून गॅनेट नावाचे समुद्रपक्षी सुरीसारखे खाली घुसत होते. खाली मासे आहेत हे उघड होतं. मी नजर हलवली नाही. आणि पक्ष्यांच्या मधोमध एक लांब काळी पाठ आली, वळत वळत गेली, शेवटी पाठीवरचा मागे वाकलेला छोटा पर, आणि संपलं. मिंके देवमासा! मी अंश आणि अंतर ओरडून सांगितलं. स्कीपरने इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि बोट नुसती तरंगत ठेवली. आपण देवमाशामागे जायचं नाही, यायचं तर तो येईल, हा तिथला नियम. माझं माहेर मालवणकडचं, तिथे डॉल्फिन दिसले की टुरिस्टांच्या होड्या चारी बाजूंनी इंजिनं वाजवत मागे लागतात ते मी लहानपणापासून बघितलंय, त्यामुळे हे इंजिन न्यूट्रलला टाकणं माझ्या मनात घर करून राहिलंय.

तो आला. बोटीच्या बाजूला, इतक्या जवळ की फुस्स करून श्वास सोडला तेव्हा वास आमच्यापर्यंत पोचला, सुकट भिजवून विसरल्यासारखा. पुढच्या परांवरचे पांढरे पट्टे पाण्यातून हिरवट दिसत होते. सायंटिस्ट भराभर पाठीवरच्या पराचे फोटो काढत होती कारण त्या परावरच्या खाचांवरून एकेक देवमासा ओळखता येतो. आणि तेवढ्यात मला दिसलं की तो जिथून आला त्याच बाजूला पिंजऱ्यांचे बोये आहेत, एकामागे एक. हे बोयेही आम्ही मोजतो, मासेमारीचा कचराही मोजतो. लॉबस्टर-खेकड्यांचे पिंजरे तळाशी एका दोरात ओवलेले असतात आणि दोन पिंजऱ्यांमधला दोर पाण्यात वर तरंगतो. देवमाशाला तो दिसत नाही. एकदा तोंडात किंवा परात अडकला की जनावर दोर आणि पिंजरे ओढत राहतं.

संध्याकाळी कॅना बेटावर नांगर टाकला, भांडी घासता घासता लुलूची गोष्ट निघाली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्कांचा, म्हणजे किलर व्हेलचा, एक छोटासा गट राहतो, त्यातली ही मादी, जानेवारी २०१६ मध्ये टायरी बेटावर मेलेली सापडली, दोरात अडकली होती. तिच्या चरबीत पीसीबी नावाचं रसायन इतकं निघालं की जगात नोंदवलेल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी ते एक. याच्यावर बंदी येऊन दशकं झाली तरी समुद्रात ते अजून आहे. वय किमान वीस, आणि तिला कधीच पिल्लू झालं नव्हतं हे तिच्या अंडाशयावरून कळलं. १९९० च्या दशकात अभ्यास सुरू झाल्यापासून या गटात एकही पिल्लू दिसलेलं नाही. आता जॉन को आणि अ‍ॅक्वेरियस हे दोन नर तेवढे दिसतात, बाकीचे कोणी नाहीत. हे लिहितानाही माझा गळा दाटतो.

डिसेंबर २०२० मध्ये स्कॉटिश सरकारने सी ऑफ द हेब्रिडीज हा तिथल्याच समुद्राचा भाग मिंके आणि बास्किंग शार्क यांच्यासाठी संरक्षित जाहीर केला आणि त्यामागच्या पुराव्यात सिल्युरियनवरच्या इतक्या वर्षांच्या नोंदी होत्या, काही न दिसल्याच्या सुद्धा. मी आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हणजे आता तिथे कोणी मासे पकडायचे नाहीत का गो?” पकडतात. पिंजरेही आहेत. पण तिथल्याच काही मच्छीमारांनी पिंजऱ्यांमधे तरंगणाऱ्या दोराऐवजी बुडणारा दोर घालून बघितलाय, तो तळाला पडून राहतो. असा दोर सगळ्यांनी वापरायला पाहिजे आणि त्याचा खर्च एकट्या मच्छीमाराच्या डोक्यावर पडता कामा नये, सरकारने उचलायला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.