बाबांचा रंग

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि लग्नाच्या फोटोंचं काम करतो ते माझं मशीन सहाव्या पिढीचं. धडधाकट मशीन भंगारात काढायला मन होईना. म्हणून विंडोज काढून लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम टाकली. तिथे फोटोशॉप, लाइटरूम चालत नाहीत, तेव्हा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलींना डार्कटेबल, रिटचिंगला गिम्प. दोन महिन्यांत हात बसला.

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली तेव्हा साखर पेठेतली एक मुलगी आली. २०१९ मध्ये तिचं लग्न मीच शूट केलं होतं.

"काका, बाबांचा फोटो मोठा करून पाहिजे. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध आहे."

अल्बमच्या पानावर ते बोटभर. रॉ फाइल सापडली, पण तिच्यावरचं काम नाही. लाइटरूम मूळ फाइलीला हात लावत नाही, सगळे बदल आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे वेगळ्या नोंदवहीत ठेवतं. कंट्रोल-एस दाबलं किंवा तशी सेटिंग चालू ठेवली तरच ते फोटोशेजारच्या एक्सएमपी फाइलीत उतरतात, आणि डार्कटेबलला त्यातलेही थोडेच कळतात. सिस्टीम बदलण्याआधी मी अलीकडच्या लग्नांचं ते करून घेतलं होतं. २०१९ राहिलं, ही चूक माझीच.

मग पहिल्यापासून बसलो. त्यांच्या खांद्यावर आहेराचा पांढरा टॉवेल होता. डार्कटेबलमधला कलर कॅलिब्रेशनचा पिकर, म्हणजे खरा पांढरा कोणता ते दाखवायचा ड्रॉपर, त्याच्यावर ठेवला, तसा हॉलच्या पिवळ्या दिव्यांचा रंग उतरला आणि खालून माणूस वर आला. यंत्रमागावर आयुष्य काढलेला, उन्हानं रापलेला काळासावळा चेहरा, कपाळावर घाम. मी एक्स्पोजर सोडून कशाला हात लावला नाही.

मुलगी स्क्रीनकडे बघत राहिली. "असेच होते," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिचा भाऊ आला. "हे कोण? अल्बममध्ये बाबा असे नाहीत. तसाच पाहिजे."

त्याचंही खोटं नव्हतं. कॅटलॉगची फाइल बॅकअपमध्ये होती. नव्या पेठेतल्या मित्राच्या मशीनवर ती उघडली आणि आकडे समोर आले. ऑरेंजचं ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, अधिक ३५, सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, उणे २०. आपल्याकडच्या कातडीचा बहुतेक रंग त्याच पट्टीत असतो. माझा 'लग्न-उजळ' प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेली ही सेटिंग, फोटो इम्पोर्ट करतानाच लागायचा. नवरीपासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांना सारखाच, चेहरा न बघता. उजळ केलं नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही, असं आमच्या धंद्यात प्रत्येक जण शिकवतो. मीही दोन पोरांना तेच शिकवलं. आता मला ते वाईट शिकवणं वाटतं.

१२ बाय १८ च्या दोन्ही प्रिंट काढल्या. हार घालायला भावानं उजळ नेली. बहीण दुसऱ्या दिवशी एकटी येऊन दुसरी घेऊन गेली. ती कुठे लावली, मी विचारलं नाही.

डार्कटेबलमध्ये तो प्रीसेट मी पुन्हा बनवला नाही. पण काल एक नवरीची आई शेजारी बसून म्हणाली, "दादा, पोरीला जरा उजळ करा की." माझा हात माऊसवरच राहिला. तिला उद्या यायला सांगितलंय.