आमची वाटचाल : शेत, खत आणि एक हिरवं पोतं

शेत आमचं लहान, राबणारी माणसं घरचीच. गोठ्यातलं शेण आणि पालापाचोळा यांचं गांडूळखत करून विकायचं ठरलं, तेव्हा भाऊबंद हसले होते. पुढची काही वर्षं सरळ गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्या व्यापाऱ्याचं.

नाव घेत नाही. आमच्यासारखंच हिरवं पोतं, भाव आमच्याहून कमी आणि आत अर्धकच्चा माल. एका हंगामात बहुतेक गिऱ्हाइकं तिकडे वळली. दादाने शेड विकायला काढली, गांडुळांचे वाफे मोडायचे एवढंच उरलं होतं.

तारलं ते भाजीपाला पिकवणाऱ्या एका मावशींनी. त्यांनी निम्म्या वाफ्यांत आमचं खत टाकलं, निम्म्यांत त्याचं. त्याच्या वाफ्यांतली रोपं पिवळी पडली. पडणारच! न कुजलेल्या काडीकचऱ्यात कार्बन जास्त. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहतं. मावशींनी कुणाला काही समजावलं नाही. येईल त्याला वाफे दाखवले.

आमचा ढीग ५५ अंशांवर तापतो, म्हणून तणाचं बी मरतं. लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून बघितल्याशिवाय आई ढीग पालटू देत नाही. गांडुळं सोडायची ती पुरता निवल्यावरच. ३५ अंशांपुढे ती तगत नाहीत. चाळण अजून वडिलांच्या हातची. जाळी कितीदा बदलली, चौकट तीच. मोटरची आणून पाहिली, ओलसर खताचे तिच्यात गोळे होतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो. कुणाचंही खत, अगदी आमचंही, मूठभर ओलं करून पिशवीत आठवडाभर बंद ठेवा. उघडल्यावर उग्र वास आला तर पिकाला घालू नका. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरलात तर फुलावर येताच जमिनीत गाडा, खोड निबर झालं की कुजता कुजत नाही. आणि नुसत्या विकतच्या खतावर जमीन सुधारत नाही. हे खत विकणाराच सांगतोय.

गिऱ्हाइकं परतली तसा तो व्यापारीही आला, भागीदारी करू म्हणाला. दादा विरघळला होता, मी नाही.

पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू आहे. रिकामी पोती झटकून आणलीत तर भरून देऊ. त्याची पोती मात्र आणू नका.