उत्तरेकडे तोंड असलेल्या अंगणासाठी फुलझुडपांची निवड: माझा अनुभव

पुढच्या अंगणात झुडपं लावायची ठरलं की पहिली फेरी नर्सरीत होते. मी ती सगळ्यात शेवटी ठेवली. आमचं घर पुण्यात, कोपऱ्याच्या प्लॉटवर. तोंड उत्तरेला, पूर्वेला रस्ता. पुढे ३० फूट लांब आणि १० फूट रुंद अंगण, त्यातले पश्चिमेकडचे १० फूट गाडीच्या गेटचे. म्हणजे लावायला उरलेली जागा २० बाय १०. एवढ्याशा जागेत काय फुलेल हे नर्सरीतल्या फुलांवरून कळत नाही, तिथल्या उन्हावरून कळतं. आणि उत्तरेच्या अंगणात ऊन वर्षभर सारखं नसतं.

पुण्यात २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास कुठल्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साधारण नऊ-दशांश पडते. आमचं एकमजली घर कठड्यासकट २२ फूट उंच, म्हणून सावली जवळजवळ २० फूट. अख्खं अंगण त्यात बुडतं, वर समोरचा रस्ताही. २१ मार्चला हीच सावली उंचीच्या एक-तृतीयांश होते, म्हणजे सव्वासात फूट. तेव्हा कंपाउंडलगतचा तीनेक फुटांचा पट्टा उन्हात येतो. एप्रिलच्या मध्यावर सावली साडेतीन फुटांवर येते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही उत्तरेला सरकतो आणि एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या भिंतीवर ऊन येतं. सप्टेंबरनंतर सगळं पुन्हा उलट. नागपूरला डिसेंबरची सावली जवळपास उंचीइतकीच असते, गोव्यात उंचीच्या चार-पंचमांश. आकडेमोड नको असेल तर डिसेंबरात दुपारी सावलीच्या कडेला खडूने रेघ मारा, मार्चमध्ये दुसरी मारा. अंगणाचा नकाशा तयार.

यातून निवडीचा एकच नियम निघतो: झुडपाचा बहराचा हंगाम आणि अंगणातल्या उन्हाचा हंगाम जुळला पाहिजे. "याला किती तास ऊन लागतं?" एवढंच विचारून भागत नाही. ते ऊन कोणत्या महिन्यांत लागतं, हेही विचारायला हवं.

या नियमाने यादी झरझर लहान होते. गुलाब गेला, कारण आपल्याकडे त्याची सगळ्यात चांगली फुलं थंडीत येतात आणि नेमकं तेव्हाच इथे ऊन नाही. बोगनवेल गेली, तिचा बहर पाऊस संपल्यावर, कोरड्या दिवसांत. सावलीत ती नुसती काटेरी फांद्या फेकत राहते. कोरांटीही गेली, तीही पावसाळ्यानंतर फुलणारी. याउलट मोगरा अगदी चपखल बसतो. थंडीत त्याला विश्रांतीच हवी असते, पाणीही कमी लागतं, आणि मार्चमध्ये ऊन आलं की कळ्या धरतो. तगर, निळा चित्रक, कुंती, अनंत या सगळ्यांचा भर उन्हाळा-पावसाळ्यात. हीच मंडळी उत्तरेच्या अंगणाची.

कण्हेर मात्र उन्हामुळे वगळलेली नाही. तिचे सगळे भाग विषारी असतात, छाटलेल्या फांद्या जाळल्या तर धूरही घातक. रस्त्याच्या दुभाजकावर ती शोभते. लहान मुलं खेळतात त्या दहा फुटांच्या अंगणात मी ती लावणार नाही.

दुसरी परीक्षा मातीची. बांधकाम झालेल्या प्लॉटवर वरची चार इंच माती छान काळी दिसते. खाली सिमेंटचा चुरा, विटांचे तुकडे आणि प्लास्टरचा राडारोडा दडलेला असतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी दीड फूट खणून बघायचं. खालची मूठभर कोरडी माती वाटीत घेऊन तिच्यावर चमचाभर व्हिनेगर टाकायचं. फसफसून बुडबुडे आले तर मातीत चुना आहे. आमच्याकडे भिंतीलगतची माती चांगलीच फसफसली, कंपाउंडलगतची जेमतेम. दख्खनच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते, त्यात हा राडारोडा आणि बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्याचा पहिला फटका एक्झोरा (गुच्छात फुलणारं एक झुडूप) आणि अनंत यांना बसतो: नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळीसारख्या. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी होत असतील तर तो बहुधा नत्राचा प्रश्न असतो. हा फरक ओळखला की उगाच युरिया टाकला जात नाही.

लोहाच्या कमतरतेवर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ३ ते ५ ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक अॅसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारतात. फरशीवर आणि पांढऱ्या भिंतीवर त्याचे तांबूस डाग पडतात, ते निघत नाहीत, तेव्हा आधी झाकून घ्या. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोहाच्या, म्हणजे मातीत अडकून न पडता मुळांना मिळेल अशा लोहाच्या, पाकिटावरचं नाव नीट वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही, ईडीडीएचए टिकतं. पण हे दर हंगामाला करत बसण्यापेक्षा मी एक्झोरा वगळला. अनंत सोडवेना, म्हणून तो पायऱ्यांच्या दोन बाजूंना १६ इंची कुंड्यांत लावला: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर ते या कुंड्यांना. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी अनंताला घालू नका. त्यात साध्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा आणि पुन्हा भरायचा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभं दिसलं तर तिथे थेट लावणी नको. कंपाउंडच्या पट्ट्यात तसंच दिसलं, म्हणून तिथला वाफा ८ इंच उंच केला, कडेला विटांची ओळ लावून. घराच्या बाजूला असं करू नये. जोत्याच्या ओलप्रतिबंधक थराच्या वर माती चढली की भिंतीत ओल येते.

आता मांडणी. इथेच बहुतेक अंगणं बिघडतात, कारण रोपं लहान दिसतात आणि माणूस दीड-दीड फुटावर लावून मोकळा होतो. दुसऱ्या पावसाळ्यात फांद्या एकमेकांत घुसतात, आतली पानं गळतात, हवा खेळत नाही आणि पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या कापसासारखी दिसणारी रस शोषणारी कीड, मुक्कामाला येतो. मी प्रत्येक झुडपाचा पूर्ण वाढीचा घेर कागदावर गोल काढून बघितला. कंपाउंडच्या ३ फुटी पट्ट्यात, पूर्वेकडून पश्चिमेला, क्रम असा ठरला.

ईशान्येच्या कोपऱ्यात गावठी लाल जास्वंद, तिला ५ फूट. पूर्वेला रस्ता असल्यामुळे या एकाच कोपऱ्यात थंडीतही सकाळचं दोन-अडीच तास ऊन येतं. थंडीत फुलं कमी येतात, पण पूजेपुरती मिळतात. मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती एवढ्या उन्हावर कळ्या गाळतात. तिच्या शेजारी मोगऱ्याची दोन रोपं, अडीच-अडीच फूट. मग तगर, तिला ५ फूट. तगर एकेरी घ्यावी, चांदणीसारखी पाच पाकळ्यांची. दुहेरी तगर नर्सरीत जास्त भरगच्च दिसते, पण पावसात तिची फुलं भिजून तपकिरी होतात आणि फांदीवरच चिकटून राहतात. एकेरीची फुलं आपली आपण गळून खाली पडतात. उरलेले ५ फूट गेटपर्यंत निळ्या चित्रकाला, दोन रोपं. गेटजवळ मुद्दाम कमी उंचीचं झुडूप ठेवलं: गाडी बाहेर काढताना रस्ता दिसला पाहिजे, म्हणून तिथे ३ फुटांच्या वर काही वाढू द्यायचं नाही. चित्रकाच्या फुलाच्या देठाशी बारीक चिकट केस असतात. वाळलेली फुलं कपड्यांना आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटतात, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेपासून तो दीड फूट आत हवा.

घराच्या बाजूचा पट्टा उजळ सावलीचा. तिथे पूर्व टोकाला, भिंतीपासून ३ फूट सोडून, कुंती. वळवाचा पाऊस पडला की थोड्याच दिवसांत ती पांढरी होते आणि पावसाळ्यात पुन्हा पुन्हा बहरते. मध्ये ब्रुनफेल्सिया: फूल उमलताना जांभळं, मग फिकट, तिसऱ्या दिवसाच्या आसपास पांढरं, त्यामुळे एकाच झुडपावर तिन्ही रंग दिसतात. घरात कुत्रा असेल तर त्याची फळं आणि बिया खुडून टाका, त्या कुत्र्यांना विषारी असतात. पुढच्या कडेला अबोली, दीड-दीड फुटावर पाच रोपं. अबोलीचा शत्रू मातीतला सूत्रकृमी, मुळांत शिरणारा अतिसूक्ष्म किडा. रोप पाणी असूनही कोमेजतं, उपटून बघितलं तर मुळांवर गाठी दिसतात. म्हणून लावतानाच प्रत्येक खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड. कंपाउंडची आतली बाजू पांढरी रंगवली. परावर्तित उजेडाचा या पट्ट्याला खरा उपयोग होतो.

एवढं कागदावर झाल्यावर नर्सरी. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. बरीचशी रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा घेऊन. फुलांनी लगडलेलं रोप मी बाजूला ठेवते आणि बुंध्यापासून चार-पाच फांद्या फुटलेलं, नवी पालवी असलेलं घेते. पानं उलटी करून बघायची, फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो का ते बघायचं. पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलं असेल तर आत मुळांचं वेटोळं झालेलं असतं. ते रोप नको.

खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल, मेमध्ये खणून उन्हात तापत ठेवलेले. भरताना दोन भाग तीच माती (राडारोडा वेचून), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग मुरूम, वर २०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम सुपर फॉस्फेट. शेणखत ताजं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि मुळं पोळतात. लावणी जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. लाल मातीचा गोळा तसाच पुरायचा नाही. आपल्या काळ्या मातीशी तो एकजीव होत नाही; बाहेर ओल असते आणि आत गोळा कोरडा ठणठणीत, किंवा पावसाळ्यात आतच पाणी धरून मुळं कुजतात. बादलीतल्या पाण्यात तो थोडा वेळ बुडवून बाहेरची इंचभर माती बोटांनी सैल करून काढायची, मुळं मोकळी करायची आणि मग लावायचं. पिशवीत रोप जेवढं मातीत होतं तेवढंच खड्ड्यात. वर तीन इंच पालापाचोळा, पण बुंध्यापासून चार बोटं दूर. मधल्या मोकळ्या जागेत पहिल्या वर्षी झेंडू लावला, म्हणजे अंगण ओकंबोकं दिसत नाही आणि जास्तीची झुडपं कोंबायचा मोह होत नाही.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणारच असं धरून चालावं. आधी मुंग्यांची रांग दिसते. त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. पाइपच्या जोरदार धारेने तो धुऊन काढायचा, मग लिटरला ५ मिली निमतेल आणि २ मिली पातळ साबण घालून आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या, संध्याकाळीच. तगरीवर पावसाळ्यात बोटाएवढी हिरवी अळी दिसेल, डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असलेली. तो एका मोठ्या पतंगाचा सुरवंट. तो पानं फस्त करतो, पण तगर पुन्हा फुटते. त्यासाठी औषध मारायची गरज नाही.

छाटणीतही ऊन बघूनच कात्री चालवायची. मोगरा जानेवारीअखेरीस निम्मा छाटते, तेव्हा ऊन यायला महिना-दीड महिना असतो आणि नवी फूट बरोबर उन्हात सापडते. जास्वंद आणि चित्रक नव्या फुटीवर फुलतात, म्हणून फेब्रुवारीअखेरीस त्यांचा एक-तृतीयांश भाग काढते. कुंतीला कुंपणासारखी सपाट कातरत राहिलं तर फुलं दिसत नाहीत, कारण कळ्या शेंड्यांवर येतात. तिला बहर ओसरल्यावर एकेक फांदी आतून कापावी, ब्रुनफेल्सियालाही तसंच. ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत मात्र कशालाच कात्री लावत नाही. त्या दिवसांत सावलीत येणारी फूट लांबट, लिबलिबीत असते, तिला कळ्या धरत नाहीत आणि पिठ्या ढेकूण पहिल्यांदा तिच्यावरच बसतो.