ठमीने टोड तोंडात धरला त्या रात्रीचा माझा अनुभव

दोन महिने झाले, तरी ती रात्र आठवली की हात गार पडतात. ओळखीतल्या चार-पाच कुत्रेवाल्यांनी विचारलं की तू तेव्हा नेमकं काय केलंस, आणि प्रत्येकाला मी अर्धवट अर्धवट सांगितलं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय.

ठमी ही आमची कुत्री, चार वर्षांची, नऊ किलोची. पाऊस पडून गेला होता, रात्रीचे पावणेदहा वगैरे झाले असतील, झोपायच्या आधी एकदा अंगणात सोडतो तसं तिला सोडलं आणि मी दारातच उभी होते. ती कुंड्यांच्या मागे काहीतरी हुंगत होती, मग एकदम झडप घातली आणि लगेच मान झटकत मागे आली. मला वाटलं किडा-बिडा चावला असेल. पण मिनीटभरात तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या आणि मग फेस, साबणाचा असतो तसा पांढराशुभ्र फेस, आणि ती दोन्ही पंजांनी तोंड ओरबाडतेय, फरशीवर गाल घासतेय, मधेच उभी राहून ओकारी काढतेय. मला काही सुचेना.

शेजारच्या काकूंनी फेस बघितला आणि तिकडूनच ओरडल्या, "अगं हात लावू नकोस, पिसाळलंय ते!" त्यांची भीती खोटी नव्हती, फेस म्हटलं की सगळ्यांना आधी तेच आठवतं. पण ठमीची रेबीजची लस दरवर्षी होते आणि पाच मिनिटांपूर्वी ती अगदी ठणठणीत होती, रेबीज असा मिनिटात येत नाही. (लस झालेली नसेल, किंवा कुत्रं अनोळखी असेल, तर मात्र तोंडात हात घालायचा विचारही करू नका.) माझ्या डोक्यात साप आला होता. तेवढ्यात दादा टॉर्च घेऊन कुंड्यांमागे गेला आणि म्हणाला, "साप नाही गं, टोड आहे."

टोड म्हणजे पुस्तकात ज्याला भेक म्हणतात तो. आपण सरसकट बेडूकच म्हणतो, पण याची कातडी कोरडी, खरखरीत, चामखिळी असल्यासारखी असते आणि हा उड्या मारण्यापेक्षा रांगतोच जास्त. तो अंग फुगवून कोपऱ्यात बसला होता आणि डोळ्यांच्या मागे ज्या दोन फुगीर गाठी असतात तिथून पांढरं, दुधासारखं काहीतरी आलेलं टॉर्चमध्ये स्पष्ट दिसत होतं. दादाने लांबूनच फोटो काढला. नंतर तो फोटो डॉक्टरांना खूप उपयोगी पडला.

आता आमच्या चुका सांगते, कारण मला वाटतं बहुतेक घरांत हेच होत असेल. आई दूध आणायला आत धावली, विष म्हटलं की दूध पाजायचं हे तिच्या डोक्यात पक्कं. आणि मी मगभर पाणी घेऊन ठमीचं तोंड वर धरलं आणि सरळ आत ओतलं. ती ठसकली, नाकातून पाणी आलं. नशीब मी तिथेच थांबले. नंतर कळलं की तोंड वर करून पाणी ओतलं तर ते विष धुतलं जात नाही, उलट घशाखाली जातं, आणि पाणी फुप्फुसात शिरलं तर न्यूमोनिया वेगळाच.

पहिल्या दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्या ठिकाणी रात्रपाळीच्या डॉक्टरबाईंनी उचलला आणि मी नुसतं "टोड" म्हटल्यावर त्यांनी पुढचं बोलूच दिलं नाही. "शुद्धीवर आहे का? झटके येतायत का?" मी म्हटलं नाही, उभी आहे, पण फेस खूप येतोय, मगाने तोंडात पाणी ओतलं. "आधी तो पाण्याचा मग बाजूला ठेवा. सुती फडकं ओलं करा आणि तोंड पुसायला लागा, गाडी काढेपर्यंत पुसत राहा. पाजायचं काहीही नाही, दूध नाही, तेल नाही, मिठाचं पाणी घालून उलटी करवायची नाही."

या पुसण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण त्या रात्री आमच्या हातात खरं काही होतं तर ते एवढंच होतं. टोडचं विष चिकट असतं. ते हिरड्यांना, गालाच्या आतल्या बाजूला, टाळूला चिकटून बसतं आणि तिथूनच रक्तात जात राहतं, गिळलं नसलं तरी. म्हणजे जोपर्यंत तो थर तोंडात आहे तोपर्यंत विष आत जातंच आहे, आणि नुसत्या पाण्याने तो थर निघत नाही, घासून काढावा लागतो. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, जुन्या सुती ओढणीचे तुकडे केले, एक तुकडा दोन बोटांना गुंडाळला आणि सुरुवात केली. दादाने तिला मागून मांड्यांमध्ये धरलं आणि तोंड जमिनीकडे झुकवलं. तोंड खाली, हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे जे काही निघेल ते बाहेर गळतं. ओठ वर उचलून आधी वरच्या हिरड्या, मग खालच्या, मग गालाची आतली बाजू, मग जीभ वरून आणि खालून, मग टाळू. आतून बाहेरच्या दिशेने पुसायचं, घशाकडे ढकलायचं नाही. आणि एकदा पुसलं की तेच फडकं परत तोंडात घालायचं नाही, धुऊन तरी घ्यायचं किंवा नवीन घ्यायचं, नाहीतर आपण तेच विष परत चोळत बसतो. पहिले तीन-चार तुकडे हाताला अक्षरशः गोंदासारखे बुळबुळीत लागत होते. सातव्या-आठव्या तुकड्यानंतर तो बुळबुळीतपणा कमी झाला.

मधेमधे आईने बागेचा पाईप अगदी बारीक धारेवर लावला आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाणी आडवं सोडलं, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, तोंड तसंच खाली. जोरात धार नाही, घशाच्या दिशेने तर अजिबात नाही. डोळेही धुतले, कारण पंजांनी तोंड ओरबाडून तेच पंजे ती डोळ्यांवर चोळत होती. फोनवर डॉक्टरबाईंनी वेळ सांगितली होती, दहा मिनिटं. माझं लक्ष नव्हतं, आईने घड्याळ बघितलं.

आणि मग फेस जवळजवळ थांबला. ठमी शांत झाली, शेपूटही थोडी हलवली. आई म्हणाली, "झालं गं, सुटली, आता कशाला रात्रीची दगदग." खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. दादाने ऐकलं नाही म्हणून आम्ही निघालो. त्याने तिचा ओठ उचलून दाखवला, एरवी फिकट गुलाबी असणाऱ्या हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या, आणि गाडीपर्यंत चालताना तिचे मागचे पाय एकमेकांत अडकत होते.

गाडीत मी मागे बसले, तिला कुशीवर झोपवलं, एसी चालू ठेवला कारण अंग तापलं होतं. अर्ध्या वाटेत तिला झटका आला. पाय ताठ, मान मागे, डोळे भिरभिरत होते. त्या क्षणी आपण काहीही करायला तयार असतो पण करायचं काहीच नसतं, हे मला फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. झटका चालू असताना किंवा शुद्ध नसताना तोंडात बोट, फडकं, पाणी काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, फक्त डोकं कशावर आपटणार नाही एवढं बघायचं आणि किती वेळ चाललं ते मोजायचं. मी मोठ्याने आकडे म्हणत होते. चाळीस झाले तेव्हा थांबलं.

दवाखान्यात पोचल्यावर मी फोटो दाखवला, किती वाजता धरला, किती वेळ पुसलं, झटका किती सेकंद, वजन किती, हे सांगितलं. डॉक्टरबाईंनी तेवढं ऐकत ऐकतच तिला टेबलावर घेतलं. ताप १०४.६ निघाला, कुत्र्यांचा एरवी साधारण १०१ ते १०२.५ असतो. लगेच पायाला सुई, सलाईन, झटक्यांसाठी इंजेक्शन, ओल्या टॉवेलने अंग थंड करणं आणि छातीला ईसीजीच्या वायर. तिच्या हृदयाचे ठोके मधेच धावायचे, मधेच एखादा ठोका गळायचा. मला त्या कागदातलं काही कळत नव्हतं पण डॉक्टरबाईंचा चेहरा कळत होता.

पहाटेकडे जरा स्थिर झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. या विषात एकच पदार्थ नसतो, बरेच असतात. त्यातले काही हृदयावर डिजिटॅलिससारखं काम करतात, म्हणजे हृदयरोगाच्या माणसांना जे डिगॉक्सिन देतात त्याच जातीचं, पेशीमधला सोडियम-पोटॅशियमचा पंपच अडवतात आणि ठोक्यांची लय बिघडते. शिवाय त्यात अॅड्रेनलिनसारखे पदार्थ असतात, मेंदूवर परिणाम करणारे असतात, म्हणून लाळ, फेस, डोलणं, झटके. रक्तातलं पोटॅशियम त्यांनी दोनदा तपासलं, ते वाढत गेलं तर केस गंभीर समजतात. डिगॉक्सिनच्या विषबाधेवरची अँटीबॉडी अशा वेळी वापरता येते पण ती फार महाग असते आणि सगळीकडे मिळत नाही, ठमीला लागली नाही. टोड गिळलाच असेल तर प्रकरण आणखी लांबतं, पोटातून तो बाहेर काढावा लागू शकतो. म्हणूनच जनावर तोंडातून सुटलं की आत गेलं हे बघणं आणि डॉक्टरांना सांगणं गरजेचं असतं. आमचा टोड कोपऱ्यात जिवंत बसला होता हे दादाने बघितलं होतं, त्यावरून त्यांना मोठा अंदाज आला.

मी विचारलं, एवढासा प्राणी, याने कुत्रं मरू शकतं? मरू शकतं म्हणाल्या, टोडची जात कुठली, केवढा मोठा, आणि कुत्र्याचं वजन किती यावर सगळं आहे. जितकं लहान कुत्रं तितका धोका जास्त, पिल्लांना सगळ्यात जास्त. केन टोड नावाचा जो मोठा टोड आहे तो तर फार विषारी. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या उसाच्या शेतातले भुंगे खायला तो मुद्दाम आणून सोडला, भुंगे काही त्याने आवरले नाहीत पण तो स्वतः मात्र प्रचंड पसरला आणि तिथे कुत्र्यांना त्याची विषबाधा होणं ही नेहमीची गोष्ट झाली. काही जातींमुळे नुसती लाळ आणि उलटीवर निभावतं. पण आपल्याला अंधारात जात कुठे ओळखता येते, त्यामुळे तोंड पुसायचं आणि निघायचं, घरी बसून वाट बघायची नाही, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. तोंड साफ दिसलं तरी हृदयाचं बिघडलेलं बाहेरून दिसत नाही, आणि मी त्या रात्री शेपूट हललेली बघून घरीच थांबले असते तर, हा विचार अजून मला सोडत नाही.

ठमीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच ठेवलं. ईसीजी नीट यायला लागला, झटका परत आला नाही, तेव्हा घरी सोडलं. दोन दिवस ती मलूल होती, खाणं थोडं थोडं, आणि मी रात्री उठून तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. दवाखान्याने खोकला, धाप यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, मी मगाने ओतलेल्या त्या पाण्यामुळे. सुदैवाने तसं काही झालं नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी काठी घेऊन टोड शोधायला निघाले होते. मी नाही म्हटलं. त्या प्राण्याने कुणावर हल्ला केला नाही, तो विष फेकत नाही की डसत नाही, चावलं-दाबलं तेव्हा त्याच्या गाठीतून ते बाहेर आलं, आणि रात्रभर तो आपल्याच अंगणातले किडे खातो. त्याला आम्ही हातमोजे घालून डब्यात घेतलं आणि कुंपणापलीकडच्या झाडीत सोडलं. मग अंगणातला दिवा रात्री बंद करायला लागलो, कारण दिव्याला किडे आणि किड्यांना टोड. ठमीचं पाण्याचं भांडं संध्याकाळीच आत येतं, टोड त्यात जाऊन बसतात म्हणून. पाणी साचलेल्या डबक्याकडे तिला जाऊ देत नाही, टोडची अंडी आणि पिल्लंही विषारी असतात हे मला आधी माहीत नव्हतं. दाराजवळ एका पिशवीत हातमोजे, दहा-बारा सुती फडकी, टॉर्च, आणि रात्री खरोखर फोन उचलणाऱ्या दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. नंबर आधी फोन करून, रात्री अकरा वाजता, तपासून घेतला.

डॉक्टरबाईंनी एक गोष्ट बजावली होती की एकदा असं झालं म्हणजे कुत्रं शहाणं होईल असं समजू नका, बरीच कुत्री परत तोच उद्योग करतात. म्हणून रात्री आता पट्टा असतोच, आणि "सोड" हा एक शब्द आम्ही महिनाभर रोज शिकवला, आधी चेंडूवर, मग तिच्या आवडत्या हाडावर. गेल्या आठवड्यात पाऊस थांबल्यावर बाहेर काढलं तर पायरीखाली एक टोड. ठमीचे कान उभे, पट्टा ताणलेला, नाक वीतभर अंतरावर. मी "सोड" म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं, आणि माझ्याजवळ आली.